तीस दिवसांचं भांडण

जगात जिथे जिथे म्हणून कुणी चांगलं काम करत असेल, तिथे जाऊन त्यात खोट काढता यावी एवढ्यासाठीच परमेश्वराने आपल्याला जन्माला घातलं आहे, अशी ज्याची पक्की समजूत आहे असा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पिंजून काढले तरी एकच सापडेल, आणि तो माझा साडू आहे. याच कामासाठी परमेश्वराने त्यांना दोन डोळे, दोन कान आणि एक जीभ दिली. पैकी एक कान साखर कारखान्याच्या बॉयलरने परत घेतला. जीभ मात्र त्या कानाचंही काम करते.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यात ते छत्तीस वर्षं बॉयलर इन्चार्ज होते. निवृत्त झाल्यावर माणूस कराडला येईल, पुण्याला जाईल. यांनी पलूस-कुंडल रस्त्यावर, जिथून कारखान्याचं धुराडं दिसतं, अशी जागा शोधून दोन खोल्या बांधल्या. गळीत हंगाम सुरू झाला की सकाळी दात घासताना ते धुराचा रंग बघतात आणि चूळ भरून निकाल देतात, "ओला भुसा जाळतायत, गाढवं." ते तिथे होते तेव्हा धूर कसा होता हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "दिसत नव्हता." बॉयलरच्या पत्र्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि आतली भेग ओळखायची, ही त्यांची विद्या. हातोडी कारखान्यात जमा करावी लागली, पण सवय घरी आली. आता ते बोटाच्या पेराने जग वाजवून बघतात. कलिंगड, माठ, भिंत, एसटीची खिडकी, सगळं. माझ्या लग्नात आशीर्वादाच्या द्राक्षरसाचा चांदीचा पेला माझ्या हातात होता. तोही त्यांनी वाजवला आणि शंभर माणसांसमोर म्हणाले, "मुलामा आहे."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. रेल्वेच्या आणि सरकारी नोकऱ्यांच्या मागे लागून काही घरं घाट चढून इकडे आली. आता साताऱ्यात, कराडात, मिरजेत मिळून जेवढी उरली आहेत तेवढी मोजायला एका हाताची बोटं पुरतात. बाकीची इस्राएलला गेली. साडूंचा मुलगाही तिकडेच आहे आणि दर आठवड्याला त्यांना बोलावतो. यांचं उत्तर ठरलेलं. "तिथे सगळेच यहुदी. मग वेगळं असण्यात मजा काय राहिली?"

तर आमच्यात मुलगा तेराचा आणि मुलगी बाराची झाली की देवाच्या आज्ञांची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर येते. मुलाचा बार मित्स्वा, मुलीचा बात मित्स्वा. आमच्या वेळी पवित्र ग्रंथातला उतारा न अडखळता वाचला, की पेढा मिळायचा आणि विषय संपायचा. आता नवी टूम निघाली आहे. मुलाने समाजसेवेचा एक उपक्रम करायचा, त्याची फाइल करायची, फोटो काढायचे आणि पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, सगळ्यांसमोर तो सांगायचा. टूम वाईट नाही. पण ती साडूंच्या कानावर, म्हणजे उरलेल्या कानावर गेली, आणि दोन जिल्ह्यांतल्या यहुदी मुलांच्या समाजसेवेचं निरीक्षण करण्याची नेमणूक त्यांनी स्वतःला देऊन टाकली. पगार नाही, प्रवासखर्च नाही, आणि कुणी बोलावलेलंही नाही.

बॉयलर सुरू करण्याआधी त्यात पाणी भरून दीडपट दाब देतात. गळायचा असेल तर तेव्हाच गळतो. याला हायड्रॉलिक टेस्ट म्हणतात. साडू मुलांच्या उपक्रमांची हीच टेस्ट घेतात. प्रश्न दोनच. हे काम तुला कुणी सांगितलं? आणि तू घरी गेल्यावर याचं काय होणार? एवढ्यावर भलेभले गळतात.

साताऱ्याच्या एका मुलाने रस्त्याच्या कडेला चाळीस रोपं लावायचं ठरवलं. साडू त्याला घेऊन खड्डे बघायला गेले. खड्डे तयारच होते, कारण गेल्या वर्षी तिथे दुसऱ्या कुणी रोपं लावली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्याने. दोन्हींच्या काटक्या खड्ड्यात उभ्या होत्या. साडू त्या मुलाला म्हणाले, "झाड एकही नाही, पण खड्डे मात्र अनुभवी झालेत." मिरजेच्या दोन जुळ्या बहिणी रुग्णांना केळी वाटायला निघाल्या. साडू सोबत गेले आणि खाटांवर बोट ठेवून दाखवत सुटले. एका म्हाताऱ्याच्या उशाशी तीन संस्थांची तीन डझन केळी आधीच काळी पडत होती, आणि त्याला साखरेचा आजार होता. तो हात जोडून म्हणाला, "पोरींनो, फोटू काडा, पर क्याळ न्या." तिसरा एक मुलगा बाजारात कापडी पिशव्या वाटत होता. साडूंनी त्याला एका भाजीवालीसमोर उभं केलं. तिच्याकडे अशा अकरा पिशव्या निघाल्या. सगळ्यांवर सुविचार छापलेले होते, आणि त्या मळू नयेत म्हणून तिने जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या.

प्रत्येक फाइलवर ते लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहितात, ‘अनफिट’. त्या मुलांच्या आया माझ्या बायकोला फोन करून काय काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. मी स्वतः त्यांना एकदा समजावायला गेलो होतो. म्हटलं, साडूभाऊ, लहान मुलं आहेत, हौसेने करतात, थोडं कौतुक करायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "कौतुकाने वाफ होत नाही." मग माझा चष्मा नाकावरून उचलला, काच पेराने वाजवली आणि परत घातला. माझं कराडात चष्म्याचं दुकान आहे. त्या दिवशी मला माझ्याच दुकानात दोष दिसायला लागला.

अशा माणसाशी संसार कोण करणार? माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने चौतीस वर्षं केला, आणि तो भांडून केला. सकाळी उठल्यापासून दोघं भांडत. विषय लागत नसे. पण त्या भांडणाला एक शिस्त होती. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत, आमच्यात विस्तव पेटवत नाहीत. जुनी माणसं सांगत की यात रागाचा विस्तवही आला. बहुतेक घरांत हे ऐकून सोडून देतात. या दोघांनी ते पाळलं. शुक्रवारी सूर्य टेकला की वाक्य अर्ध्यावर तोडायचं. मेहुणी दिवे लावायची, साडू प्रार्थना म्हणायचे, पूर्ण दिवस दोघं ‘घे’, ‘अजून वाढू का’, असं पाहुण्यांसारखं बोलायचे. शनिवारी अंगणात उभं राहून साडू तारे मोजायचे. तिसरा दिसला की आत वळून "आणि दुसरं असं," इथून पुढे चालू. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. दुसरा मुद्दा कुठला ते दोघांनाही बरोब्बर आठवत असे.

मेहुणी दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर साडूंनी सिनेगॉगला जाणं बंद केलं. लग्नाला नाही, सणाला नाही, कुठेच नाही. आमच्या घरातल्या कुणाचं काही चाललं नाही. म्हणून माझी मुलगी शिफ्रा बारा वर्षांची झाली तेव्हा तिने मला न विचारता त्यांना फोन लावला आणि माझ्या बात मित्स्वाला पुण्याला याल का, असं थेट विचारलं. ते म्हणाले, "तुझा उपक्रम माझ्या टेस्टला पास झाला तर येईन." आजवर एकही पास झालेला नव्हता. म्हणजे हे नाही म्हणण्याचंच एक वळण होतं. पण पोरगी ते वळण ओळखायला तयार नव्हती. काकांना पुण्याला न्यायचं, हे तिने मनात घेतलं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत कपड्यांची पिशवी आणि एक लॅमिनेट केलेली फाइल घेऊन त्यांच्याकडे महिनाभर राहायला गेली.

फाइलीत ‘आजी-आजोबांसाठी आनंद’ असं काहीतरी होतं. भेटकार्डं करायची, गाणी म्हणायची, असं. साडूंनी फाइल वाजवली. "कुणी मागितलं?" शिफ्राने फाइलीचं पान उलटून बघितलं. "मग चल, विचारायला."

दोन दिवस त्यांनी तिला गावात फिरवलं. दारोदार जाऊन फक्त एवढंच विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे? आपल्याकडच्या माणसांना हा प्रश्न विचारून बघा. उसाला पाणी सोडून आलेल्या एका बागायतदाराने तिला खाली बसवलं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि म्हणाला, "आमास्नी काय नगं बाळ. तुला काय पायजे ते सांग." फौजेतून परत आलेल्या एका सुभेदारांनी तिलाच उभं करून तिची पाठ ताठ करून घेतली. एका घरी जेवायला बसवलं, दुसऱ्या घरी पोळ्या बांधून दिल्या. पोरीचं वजन वाढलं, पण सेवा मिळेना.

तिसऱ्या दिवशी साडूंच्या घरापासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या आजीकडे दोघं गेले. ही आजी मूळची आटपाडीकडच्या दुष्काळी माळावरची. उभं आयुष्य मेंढरांमागे चाललेली. नवऱ्याने म्हातारपणी मेंढरं विकून इकडे थोडी जमीन घेतली, आणि गेल्या दिवाळीनंतर तो गेला. मुलगा सैन्यात, सूनबाई घरी. आजीला काही कमी नाही. तिने शिफ्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मला काय बी नगं. पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय. समदी आपली ‘आये जेवलीस का, आये निजलीस का’ करत्यात. ग्वाड आयकून आयकून कान किटल्यात माजं. म्हातारा हुता तवर सकाळधरनं भांडायचा. भाजीत मीठ लय झालं म्हणून भांडायचा, कमी पडलं म्हणून भांडायचा, आन बराबर झालं तर कालच्याला का न्हवतं म्हणून भांडायचा. आता भांडाय कोण न्हाई बग." आणि जरा पुढे वाकून म्हणाली, "तू भांडशील?"

शिफ्राने काकांकडे बघितलं. साडूंनी तिथल्या तिथे खिशातून लाल पेन्सिल काढून पहिल्या प्रश्नापुढे बरोबरची खूण केली. आमच्या सगळ्या खानदानात ती खूण पहिलीच. मग अट घातली. तीस दिवस, रोज, एकही खंड नाही. खंड पडला की अनफिट.

आता माझी मुलगी म्हणजे अतिशय सालस. शाळेत बाईंच्या पुस्तकाला पाय लागला तर तीन वेळा माफी मागणारी. पहिल्या दिवशी तिने भांडणाला ‘सॉरी आजी, पण’ अशी सुरुवात केली. आजीने तिच्या वेणीवरून एक वाक्य टाकलं आणि पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आजीचा विरस झाला. म्हणाली, "ह्यापरीस आमचं कोकरू बरं टक्कर द्यायचं."

मग साडूंनी तिचे वर्ग घेतले. पहाटे व्हरांड्यात, चहाच्या आधी. आयुष्यभर ज्या विद्येपायी सगळ्यांनी त्यांना नावं ठेवली ती विद्या अखेर कुणीतरी वहीत उतरवून घेत होतं. भांडणात ‘सॉरी’ नाही आणि ‘प्लीज’ही नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. जो ऐकत नाही तो भांडत नाही, नुसता ओरडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेफ्टी व्हॉल्व्ह. चहाला नावं ठेवा, छपराला ठेवा, कोंबडीला ठेवा, पण मेलेल्या माणसाला, आजाराला आणि लेकराला बोलायचं नाही. तिथे बोललं तर बॉयलर फुटतो.

आठवड्यात पोरगी तयार झाली. तिने आजीच्या चहाला ‘पत्तीची आठवण काढलेलं पाणी’ म्हटलं, तेव्हा आजीने आनंदाने मांडीवर थाप मारली म्हणे, आणि मग त्या अपमानाचा बदला म्हणून दुसऱ्या दिवशी एवढा दाट चहा पाजला की शिफ्राला दुपारी झोप लागली नाही. संध्याकाळी भांडण चाललं की शेजारच्या बायका तांदूळ निवडायला आजीच्या अंगणात येऊन बसू लागल्या. सून तर मला म्हणाली, "भावजी, सासूबाई दोन भाकऱ्या खायला लागल्यात."

पहिल्या आठवड्यात शनिवार कसा निघाला कुणास ठाऊक. बहुधा त्या दिवशी पोरगी नुसती रडतच होती, आणि रडणं म्हणजे काही विस्तव नव्हे. दुसऱ्या शुक्रवारी मी आणि बायको शब्बाथसाठी तिकडे गेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा भांडण ऐन रंगात होतं. विषय, शेळी हुशार की मेंढरू. शिफ्रा शेळीच्या बाजूने होती, आणि मेंढरांमागे हाडं झिजवलेल्या बाईच्या दारात शेळीची बाजू घेणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. इतक्यात सूर्य टेकला. साडूंनी पोरीला वाक्याच्या मध्येच दंडाला धरून उचललं आणि घरी आणलं. आजी अंगणात उभी राहून हाक मारत राहिली, "आगं बोल की, काय म्हनत हुतीस?"

आता पेच पडला. उद्या शनिवार. भांडलं तर शब्बाथ मोडतो, नाही भांडलं तर खंड पडतो. साडूंनी रात्रीच्या जेवणावर न्यायाधीशासारखा निकाल दिला. जायचं, बसायचं, पण भांडायचं नाही. हजेरी लागली की खंड पडत नाही. त्यांना स्वतःच्या तोडग्याचा एवढा अभिमान वाटला की त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. हा असला घोळ फक्त आमच्या घरात होऊ शकतो. नियम सगळे पाळले, आणि ते आजीला सांगायला मात्र कुणालाच सुचलं नाही.

शनिवारी दुपारी साडू, शिफ्रा आणि मी, तिघं चालत गेलो. आजी वाटच बघत होती. "आली का शेळीची वकील." शिफ्रा हसली आणि गोधडीवर बसली. आजीने वेणीवर एक टाकलं. शिफ्रा हसली. आजीने फ्रॉकवर टाकलं, कराडच्या पाण्यावर टाकलं, शेवटी माझ्या टकलावर टाकलं. शिफ्रा आपली हात मांडीवर ठेवून गोड हसते आहे. मी बघत होतो, आजीचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत पोरीपाशी आली आणि तिच्या कपाळाला हात लावला. मग आत जाऊन मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि तिच्यावरून उतरवायला लागली. मोहऱ्या गोधडीवर सांडत होत्या.

"सायेब, पोरगी सकाळधरनं आशी गप हाय का?"

साडूंनी तिला आमचा शनिवार समजावून सांगितला. आज आम्ही भांडत नाही. काळजीचं काही नाही. आज नको, उद्या भांडेल.

"त्यो बी ह्येच म्हनला हुता," आजी म्हणाली. "आज नगं, उद्या भांडू. पडू दे मला वाईच. मी म्हनलं, पडू दे." मुठीतलं मीठ तिने तसंच धरून ठेवलं होतं. "उद्या कुटला आलाय, सायेब."

मी साडूंकडे बघितलं नाही, कारण मला माहीत होतं. माझी मेहुणी गेली तीही शनिवारीच, भर दुपारी. शुक्रवारी सूर्यास्ताला त्यांचं भांडण अर्ध्यावर थांबलेलं होतं. दवाखान्याच्या गाडीत बसेपर्यंत दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलत होते.

साडू शिफ्राच्या शेजारी खाली बसले. ज्या माणसाची कुजबुज सिनेगॉगच्या माडीवर बसलेल्या बायकांना ऐकू जायची, तो माणूस मी पाहिल्यापासून पहिल्यांदाच खरोखर हळू बोलला.

"भांड," ते म्हणाले.

"काका, पण विस्तव?"

"जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा असतो. मोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय. भांड."

शिफ्रा रडत होती, पण धड्यात शिकवल्याप्रमाणे ‘सॉरी’ म्हणाली नाही. "शेळी झाडावर चढते, आज्जे," ती म्हणाली. "तुझं पुढचं मेंढरू खड्ड्यात पडलं की मागची सगळी त्याच्यावर पडतात."

आजीचा हात थांबला. "कोण म्हनतंय पडत्यात?"

"सगळं गाव म्हणतं."

"गावाला काय कळतंय? गावानं कवा मेंढरं राखली? मागचं मेंढरू का उडी घेतंय ठावं हाय का तुला? पुडच्याला यकट्याला सोडत न्हाई म्हणून घेतंय. तुजी शेळी बसली आसती झाडावर, पाला खात." आणि ती हळूहळू खाली बसली, मीठ-मोहऱ्या पदरात टाकल्या आणि पुढचा अर्धा तास तिने शेळ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. साडूही मध्ये पडले. शेळी, मेंढी, रेडकू, उसाची नवी जात, एकेकाला त्यांनी असं झोडपलं की धुराड्याकडे बघण्याचं भान राहिलं नाही. मी फक्त ‘दोघांचंही बरोबर आहे’ असं म्हणालो. त्यावर तिघंही माझ्यावर तुटून पडले.

तीस दिवस पुरे झाले. पुण्याच्या मंडळाने पाठवलेल्या छापील अर्जात ‘लाभार्थींची संख्या’ असा रकाना होता. शिफ्राने तिथे ‘एक’ लिहिलं, मग खोडून ‘दोन’ लिहिलं. ‘छायाचित्रे’ या रकान्यात साडूंनी लाल पेन्सिलीने रेघ मारली. अर्ज तपासणाऱ्या बाईंनी फोन करून मला विचारलं की उपक्रमाच्या नावात काही चूक झाली आहे का. मी म्हटलं, नाही, भांडणच.

दुसऱ्या प्रश्नाची खूण बाकी असतानाच साडू पुण्याला आले. दोन वर्षांनी सिनेगॉगची पायरी चढले, चढताना वाजवून बघितली. शिफ्राने आपला उतारा वाचला तेव्हा कुजबुजले, "तिसऱ्या ओळीला घाई केली," आणि ते माडीवरच्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. वरून कुणीतरी हसलं. माझ्या बायकोने डोळे पुसले. समारंभानंतर त्यांनी शिफ्राच्या हातात आजीने दिलेलं गाठोडं ठेवलं. आत घोंगडी होती, काळी, जाड, खरखरीत. सोबत निरोप होता, "शेळीच्या केसाची न्हाई म्हनावं."

आता शिफ्राची शाळा सुरू आहे. रोज संध्याकाळी आजीकडे साडू जातात. जाताना मान ताठ असते, येताना नसते, असं आजीची सून सांगते. तू घरी गेल्यावर याचं काय होणार, या दुसऱ्या प्रश्नापुढची खूण अजून केलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, टेस्ट चालू आहे. केळी, रोपं आणि पिशव्यांवरची त्यांची मतं तशीच आहेत. इतर मुलांच्या आयांचे फोनही तसेच येतात.

पण गेल्या महिन्यात आम्ही भेटायला गेलो तेव्हा जरा विचित्र घडलं. ते थकलेले दिसत होते. मी त्यांच्यासाठी नवा चष्मा करून नेला होता. त्यांनी तो घातला, खिडकीतून बाहेर बघितलं, काच वाजवली नाही, काढून पुसली नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "चांगला केलास रे. छान दिसतंय."

लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी ऐकला नव्हता. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली. मला दवाखान्याची गाडी आठवली. मी घाईघाईने इकडे तिकडे बघितलं आणि जे सुचलं ते बोललो. म्हटलं, साडूभाऊ, मी असं ऐकलंय की बॉयलर काय, आता आपोआप चालतात. बटण दाबलं की झालं. तुमच्या वेळी उगाच माणसं लागायची.

ते खिडकीतून बघत राहिले. मी कपाचा कान घट्ट धरून बसलो.

मग त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वरून माझ्याकडे बघितलं. "तुला काय कळतं त्यातलं?" ते म्हणाले. "काचा पुसणारा माणूस तू."

माझ्या बायकोने मोठा श्वास सोडला आणि पुन्हा चहा टाकायला आत गेली.